ईटच्या गाडीतली भाऊबीज

सण कॅलेंडरातल्या तांबड्या आकड्याला येतो, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं. तोवर माझी समजूत अशी होती, की दादा घरी आले की सण येतो. दादा म्हणजे आमचे वडील. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि सगळ्या जगाला सुट्टी असली की त्यांना हमखास ड्युटी असायची. त्यामुळं आमची दिवाळी कधी एक दिवस आधी व्हायची, कधी पाडवा उलटून गेल्यावर, आणि एका वर्षी तर पुरणपोळी आम्ही दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी खाल्ली. पुरणाला काय कळतंय, असं आई म्हणायची. शिळी पुरणपोळी गार दुधात कुस्करून खायची सवय मला तेव्हा लागली. आजही सुना गरम पोळी वाढायला लागल्या की मी एक हळूच बाजूला काढून ठेवते. त्या हसतात, मी हसू देते.

आम्ही धाराशिवला राहायचो. कागदोपत्री उस्मानाबाद, पण घरात ते नाव कुणी घेत नसे. बसस्टँडच्या मागच्या आळीत दोन खोल्या, पुढं थोडं अंगण, अंगणात चूल आणि पाण्याचा तांब्याचा बंब. पहाटे गाड्या चालू करून उभ्या ठेवल्या की त्यांच्या घरघरीनं भांड्यांच्या फळीवरच्या ताटल्या बारीक वाजायच्या. त्या आवाजानं आम्हाला जाग यायची नाही, उलट तो थांबला तर यायची. दादा निजामाच्या अमलात सरकारी मोटारीवर लागले होते. निजामाचं राज्य गेलं, आमचा जिल्हा आधी मुंबई राज्यात गेला, मग महाराष्ट्रात आला, गाड्यांचे रंग बदलले, पाटीवरची अक्षरं उर्दूची मराठी झाली. दादांच्या बोलण्यातली ‘रुखसत’ आणि ‘दर्याफ्त’ मात्र तशीच राहिली. रजा म्हणजे रुखसत, चौकशी म्हणजे दर्याफ्त. ‘औंदा दसऱ्याला रुखसत मिळंना बघ,’ असं म्हणत ते खाकी शर्ट खुंटीला लावायचे आणि आई नुसतं ‘बरं’ म्हणून पाटावर ताट मांडायची.

नवरात्र लागलं की तुळजापूरच्या जादा गाड्या सुटायच्या, आणि मग दादा घरी यायचे ते झोपायलाच. घरात घट बसलेला, घटाच्या मातीतून पिवळसर धान वर आलेलं, वर फुलोऱ्याला टांगलेल्या कडाकण्या. त्या खाली काढून खायला मिळेपर्यंत मी आणि ताई त्यांच्याकडं बघत जेवायचो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. दसऱ्याच्या सकाळी आम्ही आईबरोबर डेपोत जायचो. गाड्या धुऊन उभ्या असायच्या, रेडिएटरवर झेंडूची माळ, काचेला हळदीकुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. दादांच्या गाडीचे कंडक्टर दस्तगीरचाचा माळ स्वतः बांधायचे, कारण दादांना गाठ नीट यायची नाही असं त्यांचं म्हणणं. ईदेला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडं यायचा आणि दिवाळीला आमच्याकडून कानवल्यांचा त्यांच्याकडं जायचा. नारळ फुटला की खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून दोघं गाडीत चढायचे. घंटी वाजायची, गाडी फाटकातून बाहेर पडायची, आणि आमचा दसरा तेवढ्यावर संपायचा. वाईट वाटायचं का? खरं सांगते, फारसं नाही. पोरं आहे त्या घरालाच रीत समजतात.

पण एका वर्षी एक दिवस असा आला, की त्या दिवशी दादांनी ड्युटी मुद्दाम मागून घेतली. तो भाऊबीजेचा.

दादांना एकच बहीण, सोनाआत्या. थोरली. आजी लवकर गेली, तेव्हा आत्यानंच दादांना कडेवर घेऊन वाढवलं. पाणी आणायला जातानाही एका कडेवर घागर आणि दुसऱ्या कडेवर दादा, असं गावातले लोक सांगायचे. दादा तिला ‘बाई’ म्हणायचे आणि ती दादांना ‘बापू’. तिला ईट गावात दिली होती. गावाच्या अलीकडं, सडकेला लागूनच त्यांचा मळा. आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. तर हे मामा उंच, कमी बोलणारे, आणि एकदा बोलले की तो शब्द सोडायचे नाहीत. त्यांचा मुलगा भगवान. भावाची मुलगी बहिणीच्या मुलाला द्यायची, ही आमच्या भागातली सरळ चालत आलेली गोष्ट. आमची ताई पाळण्यात होती तेव्हापासून तिला ‘ईटची सून’ म्हणायचे.

ताई सातवीची परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाली आणि तिचा नंबर मास्तरणीच्या ट्रेनिंगला लागला. त्याच पावसाळ्यात मामा नारळ घेऊन आमच्या घरी आले. आत्या बरोबर नव्हती. चहा ठेवला होता. मामांनी विषय काढला. दादांनी ताईला बाहेर बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, ‘तुझ्या मनात काय हाय?’ ताई खाली बघून म्हणाली, ‘मला शिकायचंय, दादा.’ तेवढंच.

मामांचा चेहरा मला अजून दिसतो. रागापेक्षा त्यात नवल जास्त होतं.

‘पोरीला इच्यारून सोयरीक करतेत व्हय?’ ते म्हणाले.

‘दाजी, काही वर्सं थांबा. ट्रेनिंग हूं द्या.’

‘थांबाया म्या काय गाडीची वाट बघायलोय?’ मामा उठले. नारळ तसाच चौरंगावर. ‘आजपासून माझं माणूस तुमच्या उंबऱ्याला शिवणार न्हाई. आन् तुमी माझ्या.’

दादाही तापट. ‘बरं,’ म्हणाले. चहा चुलीवर उतू गेला. आत्याला कुणी काही विचारलंच नाही.

त्यानंतरच्या भाऊबीजेला आत्या आली नाही, दादा गेले नाहीत. भगवानचं लग्न दुसरीकडं झालं, आम्हाला बोलावणं नव्हतं. मला आणि ताईला भाऊ नव्हता. बिनभावाच्या बायका चंद्राला ओवाळतात, तसं आई आम्हाला अंगणात उभं करायची, बीजेची ती बारीक कोर दिसली की ताट फिरवायला लावायची. दादा तेव्हा कुठल्यातरी लांबच्या रस्त्यावर गाडी चालवत असायचे.

दोन दिवाळ्या अशा गेल्या. तिसरी यायच्या आधी कोजागिरीला तुळजापुरात गर्दी उसळली होती. दादा गाडीजवळ उभे होते. ईटची एक म्हातारी गर्दीतून वाट काढत आली आणि त्यांच्या तोंडाकडं निरखून बघायला लागली. हे दादांनी दुसऱ्या दिवशी जेवताना आईला सांगितलं. एरवी जेवताना न बोलणारा माणूस, त्या दिवशी घास हातात धरून बोलत होता.

‘म्हातारी म्हणली, तू सोनीचा भाऊ न्हवं का? म्हणलं व्हय. तर म्हणली, आरं, जित्ता हायस व्हय! मला वाटलं गेलास. गेल्या भाऊबीजंला सोनी चांदाला ओवाळत हुती मळ्यात.’

दादांनी घास ताटात परत ठेवला.

‘म्या असताना बाई चांदाला ओवाळती.’

‘मग जावा की,’ आई म्हणाली.

‘कसा जाऊ? शब्द गेलाय.’

आईनं भाजी वाढली. मग सहज बोलावं तसं म्हणाली, ‘ईटला गाडी जाती न्हवं? मळा तर सडकंलाच हाय. सडक काय दाजींच्या उंबऱ्याच्या आत न्हाई.’

दादा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी ताटातलं सगळं संपवलं आणि आणखी एक भाकरी मागितली. आईचं शिक्षण म्हणावं तर काहीच नव्हतं. पण घरातल्या अडलेल्या गोष्टी तिनं अशाच, भाजी वाढता वाढता मोकळ्या केल्या.

भाऊबीजेला दादांनी ईटची गाडी मागून घेतली. आईनं हिरव्या काठाचं लुगडं, चोळीचा खण, आणि कानवले-अनारशांचा डबा एका पिशवीत भरला. पिशवी माझ्याकडं दिली. ताई ट्रेनिंगहून सुट्टीला आलेली होती. मी तिला चल म्हणाले तर ती म्हणाली, ‘माझ्यावरूनच झालंय सगळं. तू जा.’ तिनं माझ्या वेण्या घट्ट घातल्या, आईनं कानात सांगितलं, ‘डोळं उघडं ठिवून बस. आल्यावर मला सगळं सांगायचं.’ नवा परकर घालून मी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसले. गाडीत सगळ्या बायाच बाया. भावाकडं निघालेल्या, भावाला आणायला निघालेल्या, मांडीवर डबे, डब्यांतून तळणाचा वास, त्यात डिझेलचा वास. एका पोरानं फुलबाजीची काडी चावून चावून तिचा रंग ओठांना लावून घेतला होता आणि त्याची आई त्याला दर वळणावर एक चापट देत होती.

मळा मला आधी दादांच्या पाठीवरून कळला. ते ताठ झाले. बाहेर तूर उभी होती, पलीकडं भुईमूग काढून वाळत घातलेला, विहिरीजवळ दोन-तीन माणसं. दादांनी हॉर्न दिला, लांबलचक, मग पुन्हा. कुणीच वळून बघितलं नाही. गाडी थांबवण्यात अर्थ नव्हता. आम्ही तसेच पुढं ईटला गेलो. परतीची गाडी दुपारनंतर होती. स्टँडवर दस्तगीरचाचांनी चहा आणि भजी आणली. दादांनी भज्याला हात लावला नाही.

‘ड्रायव्हरसाब, खा लो,’ चाचा म्हणाले. ‘खाली पेट गाडी चलाए तो सवारी डरती.’

‘बाईनं ऐकला आसंल का हॉर्न?’

‘पूरे गाँव ने सुना. अब बहन बहरी थोडीच हय?’

पण चाचांनाही खात्री नव्हती. ते उगीच पेटीतली तिकिटं सारखी करत बसले. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. मला एकच भीती वाटत होती, की ही पिशवी आता तशीच घरी न्यावी लागणार, आणि आईला काय सांगायचं.

परतताना गाडी आणखीच भरली. दारापर्यंत माणसं. मळ्याच्या वळणावर दादांनी गाडी हळू केली, हॉर्न मात्र दिला नाही. आणि सडकेच्या कडेला, बाभळीच्या सावलीत, आत्या उभी होती. अंगावर जरीकाठाचं जुनं लुगडं, पायात काही नाही, पदराखाली ताट झाकून धरलेलं. वाऱ्यानं पदर उडत होता आणि ती ताटावर वाकून दिवा जपत होती.

गाडी थांबली. चाचांनी घंटी वाजवली नव्हती. मागून कुणीतरी ओरडलं, ‘आरं इथं कुठं थांबा हाय?’

‘आज हाय,’ चाचा म्हणाले.

दादांनी त्यांच्या बाजूचं दार उघडलं, पण खाली उतरले नाहीत. उतरायला त्यांना जमलंच नाही, असं मला आता वाटतं. आत्या दारापाशी आली. पायरीवर एक पाय ठेवला, दुसऱ्याला आधार मिळेना, तेव्हा एक हात दादांच्या गुडघ्यावर टेकून वर चढली. दोघं एकमेकांकडं बघत होते. दोन वर्षांनी ती पहिलं वाक्य काय बोलली? तर, ‘बापू, टोपी कुठाय तुझी? बोडक्यानं ओवाळत न्हाईत.’

दादांनी गडबडीनं खाकी टोपी शोधली. ती माझ्या बाकाखाली पडली होती. तेवढ्यात दिवा विझला. आत्याचा चेहरा पडला. माझ्याजवळच्या बाकावरची एक जाड बाई, जी मघापासून उशीर होतोय म्हणून पुटपुटत होती, ती उठली. ‘सरका गं जरा. वारं अडवा,’ असं म्हणून तिनं आपला पदर पसरला. दुसरीनं पसरला. कुणाकडून काडेपेटी आली. दाराशी बायकांचा आडोसा झाला, आत पुन्हा दिवा लागला, आणि आत्यानं दादांच्या कपाळाला कुंकू लावलं, वर तांदूळ दाबले, ताट फिरवलं. दादा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसले होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात सोडत नव्हते.

‘किती वाळलायस,’ आत्या म्हणाली. ‘जेवत न्हाईस का वेळंवर?’

मी पिशवी पुढं केली. आत्यानं लुगडं बघितलंही नाही, माझा गालच धरला. मी तिच्या हाताचा वास घेतला. ओल्या मातीचा आणि खोबरेल तेलाचा. आणि त्याच वेळी बाहेर कुणीतरी म्हणालं, ‘मालक यायलाय.’

काढलेल्या भुईमुगाच्या वाफ्यांतून मामा येत होते. सरळ, न थांबता, खांद्यावर पोतं. आत्या पायरीवरून खाली उतरली आणि ताट छातीशी धरून उभी राहिली. चाचा मागच्या दारानं उतरून पुढं आले, म्हणजे वेळ आलीच तर मध्ये पडता यावं. दादांनी एकदाचे डोळे पुसले.

मामा दारापाशी आले. पोतं खाली टेकवलं. गाडीच्या चाकाकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं, दादांकडं सोडून सगळीकडं बघितलं.

‘गाडी सरकारी हाय,’ ते म्हणाले.

‘व्हय, दाजी.’

‘सडकबी सरकारी हाय.’

‘व्हय.’

‘मंग हितं बोलाया हरकत न्हाई.’ बोलायला परवानगी काढली, पण बोलायचं काय हे ठरवलंच नव्हतं त्यांनी. मग माझ्याकडं बोट केलं. ‘ही धाकली न्हवं? आन् थोरली कुठाय?’

‘घरी हाय, मामा,’ मी म्हणाले. ‘सुट्टीला आलीय.’

‘त्या ट्रेनिंगात जेवाय नीट घालतेत का?’

मी खरं तेच सांगितलं. ‘डाळ लई पातळ असती म्हणती.’

मामांनी मान हलवली, जणू त्यांना ती पातळ डाळ आधीपासून ठाऊकच होती. पोतं उचलून माझ्या पायाशी टाकलं. ओल्या शेंगा होत्या, माती लागलेल्या. ‘भाजून दे म्हणावं तिला. संगं घेऊन जाय म्हणावं. पोटात काय नसल्यावर शिकणार कशी?’ मग पहिल्यांदा दादांकडं बघून, ‘चला आता. माणसं खोळंबलीत,’ म्हणाले आणि आल्या वाटेनं परत गेले. आत्या तिथंच उभी होती. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी मागं वळून बघत होते, ती हललेली नव्हती.

त्या जाड बाईनं डबा उघडला आणि सगळ्यांना शंकरपाळे वाटले. धाराशिवच्या स्टँडवर कंट्रोलरनं उशीर का झाला म्हणून विचारलं. चाचा इंजिनाबद्दल काहीतरी रचायला लागले होते, पण दादा मध्येच म्हणाले, ‘वाटंत बहीण भेटली.’ कंट्रोलरनं त्यांच्या कपाळावरचे तांदूळ बघितले. ‘मग घरी जा की, इथं काय उभे राहिलात,’ म्हणाला.

घरी आल्यावर आईला सगळं सांगताना माझा घसा बसला. ती एकेक गोष्ट दोन-दोनदा विचारत होती. ताई चुलीशी शेंगा भाजत होती आणि पाठ फिरवून ऐकत होती. डाळीचं सांगितलं तेव्हा ती हसायला लागली, आणि हसता हसता कधी रडायला लागली ते तिलाही कळलं नाही.

पुढच्या दिवाळीला, नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी, आमच्या आळीत बैलगाडी येऊन थांबली. मामा आत्याला सोडायला आले होते. घरात मात्र आले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी स्वतःपुरता ठेवला. अंगणातल्या बाजेवर बसून त्यांनी चहा घेतला, ताईला समोर बसवून घेऊन शाळेत पोरी किती येतात, ऐकतात का, मारावं लागतं का, असलं बरंच काही विचारलं, आणि उन्हं कलायच्या आत बैल जुंपून निघून गेले. आत्या राहिली. दादांना योगायोगानं त्या वर्षी रुखसत मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी अंधारातच आईनं बंब पेटवला. उटणं कालवून ठेवलं, दिवे लावले. आळीत फटाके वाजायला लागले. उजाडायच्या आत अंघोळ झाली पाहिजे, नाहीतर नरकात जातात, असं आम्हाला दरवर्षी बजावलेलं; म्हणून मी आत्याला उठवायला गेले. आत्या भिंतीकडं तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन गाढ झोपली होती. मी हाक मारणार तोच आईनं मागून माझा दंड धरला.

‘उठवू नगंस.’

‘अगं, पण उजाडंल की.’

‘उजाडू दे.’

दादा अंघोळ करून अंगणात उभे होते. आई बाहेर गेली, शेजारच्या पोरांना फटाके जरा पलीकडं उडवा म्हणून सांगून आली. बंबातलं पाणी निवलं, तिनं पुन्हा दोन लाकडं सारली. ऊन दारातून आत आलं, आत्याच्या पावलांपर्यंत आलं. तिच्या टाचांना भेगा होत्या आणि भेगांत काळी माती होती. ताई आणि मी चोरासारख्या पावलांनी घरात फिरत होतो, वाटी ठेवायची तरी दोन हातांनी.

शेवटी आत्या जागी झाली. उठून बसली, डोळे चोळले, दारातलं ऊन बघितलं आणि एकदम घाबरली. ‘आगं बया! दीस वर आला की. मला उठवलं का न्हाई गं?’

आई उटण्याची वाटी घेऊन तिच्यापाशी बसली. ‘वन्सं, माहेरी आलाव न्हवं तुमी?’ ती म्हणाली, आणि आत्याच्या हाताला तेल लावायला लागली.

आत्यानं एकदा आईकडं बघितलं. मग तिनं दुसरा हात पुढं केला आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.